माडाखालचा हिरवा दगड

अन्याय झाला तो इंदुमती हेडाऊ यांच्यावर, परसवाड्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंवर. कधी झाला तेही लिहितो, कारण आता ज्याला विचारावं तो "मले काही आठवत नाही बावा" म्हणून मान खाजवतो. गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इडापिडेची नारबोद शिवेबाहेर गेल्यानंतर आणि शाळेची पहिली घंटा होण्याच्या आत. जामटोल्याच्या नाल्यात, माडाखालच्या दगडावर. खरवडणी, तारेचे ब्रश आणि बादलीभर चुना, एवढंच सामान लागलं.

इंदुताई, हे वाचून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता. "तू चिठ्ठी लिहून राह्यला का पाँप्लेट?" ताई, मी पत्रकं छापून वाटणारा, मला दुसरं काही लिहिता येत नाही. तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. परवा तेरवी. भाऊबंद जेवायला बोलावणार, तुम्ही किती सोशिक होत्या ते सांगणार. तुम्ही सोशिक नव्हता. वर्गात एका पोराने बेडकाला दगड मारला तर तुम्ही त्याला आठवडाभर बेडकासारखं बसवून पाढे म्हणायला लावले होते. छप्पन साली राज्यं वाटली, नागपूर मराठीकडे गेलं, आपण हिंदीकडे राहिलो, शाळा हिंदी झाल्या. तेव्हापासून तुम्ही शिकवायच्या हिंदीत आणि रागवायच्या मराठीत. पोरं म्हणायची, बाई मराठी बोलायला लागल्या की पळा.

तेव्हा सोशिकपणाचं कुणी मला सांगू नये.

पहिल्यांदा त्या नाल्यात मीच तुम्हाला नेलं. उकव्याच्या अलीकडे बस सोडली, पायवाटेने उतरलो. खाणीकडे जाणारा नवा रस्ता त्या नाल्यातून काढणार, वाटेत एक माड आहे, तो तुटणार, अशी बातमी माझ्याकडे होती. गोंड लोक त्याला सल्फी म्हणतात, तुमच्या पुस्तकात भेरली माड. कोकणात असतील हजारो. आपल्या जंगलात एवढा एकच माझ्या पाहण्यात. पानं माशाच्या शेपटीसारखी फाटलेली, आणि खोडावरून फुलोऱ्याच्या जटा लोंबतात. मी मान वर करून उभा. डोक्यात पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला होता. आणि तुम्ही उकिडव्या बसलेल्या, भिंग काढून.

"ताई, वर पाहा ना! असा दुसरा नाही कुठं."

"पाह्यला. तू पाय काढ तिथून."

"काहून? काय हाये इथं?"

"तू ज्याच्यावर उभा हायेस ते."

माझ्या चपलेखाली काई होती, म्हणजे शेवाळ. आपल्या न्हाणीत असते तशी, असं मला वाटलं. तुम्ही माझ्या मानेला धरून भिंगाशी नेलं. भिंगात सागाचं बन होतं. नखाएवढ्या उंचीचं अख्खं बन, प्रत्येक पानाच्या टोकाला पांढरा केस, आणि केसाकेसावर पाण्याचा थेंब. माडाच्या मागच्या कड्यातून झिरपणारं पाणी त्या काईतून गाळून खाली यायचं. उन्हाळ्यात टोल्यातल्या, त्या वाडीतल्या, बाया तिथेच पळसाच्या पानाची पन्हाळी लावून घागर भरायच्या.

"ही वाली म्या कुठंच पाह्यली नाही," तुम्ही म्हणालात. "नाव नाही हिले."

"मंग ठेवा ना नाव. इंदुमती ठेवा."

"चूप बस. नाव ठेवणारे दुसरे असतात. आपण पुडी बांधून पाठवायची."

आणि तुम्ही तिथल्या तिथे पोरांच्या जुन्या उत्तरपत्रिकेची घडी घातली, चिमूटभर काई आत ठेवली, वर जागा आणि तिथी लिहिली. त्या पोराला विज्ञानात अकरा मार्क होते, तेही वर दिसत होते. एका मोठ्या शहरातल्या जाणकारांकडे ती पुडी टपालाने गेली. पोस्टकार्ड आलं: नमुना कुतूहलाचा आहे, पण बोंडांशिवाय नक्की सांगता येत नाही, बोंडं धरली की पुन्हा पाठवा. बोंडं म्हणजे केसासारख्या दांडीवर मोहरीएवढी गाठ, डोक्यावर टोपी. ती धरतात पावसाळा सरताना. तुम्ही श्रावणापासून दर रविवारी नाल्यात जायला लागलात. बाळंतपण जवळ आलेल्या पोरीकडे आई जाते तशा.

मी मात्र माडाचं पत्रक काढत होतो.

आपलं भांडण इथलंच आहे, ताई, आणि ते संपलेलं नाही. तुम्ही माझ्यासाठी परीक्षेचा पेपर काढला होता. बसच्या तिकिटामागे प्रश्न लिहिला: "माड आणि काई यांतील फरक व साम्य लिहा. मार्क दहा." मी घरून दोन पानं लिहून आणली. माड उंच, काई ठेंगणी. माड दुर्मिळ, काई जागोजागी. माड दिसतो, काई दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्यासाठी लोक रस्त्यावर येत नाहीत. हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. तुम्ही चार मार्क दिले आणि लाल शाईने शेरा मारला: "उंची सोडून काही पाहिले नाही. परत लिहा."

"चार? वर्गातल्या पोट्ट्यांपेक्षा कमी?"

"पोट्ट्यांनी निदान वाकून पाह्यलं असतं."

मग तुम्ही मला जे सांगितलं ते मी दाबून ठेवलं. आज छापतो. तुम्ही सांगितलं की हा माड जन्मात एकदाच फुलतो. शेंड्यापाशी पहिला फुलोरा येतो, मग एकेक खालच्या गाठीवर उतरत येतो, आणि सगळ्यात खालचा फुलोरा पिकला की झाड संपतं. आपल्या माडाचा फुलोरा तेव्हाच अर्ध्या खोडाखाली आला होता. "तू ज्याले वाचवून राह्यला तो मरून राह्यला, बावा. त्याच्या बिया गोळा कर, नाल्यात पेर. अन् दगड सांभाळ." मी ऐकलं, मान हलवली, आणि पत्रकात लिहिलं, 'शतकानुशतके उभा राहणारा वृक्षराज'. मरणाऱ्या झाडासाठी कोण सह्या देतो? खोटं लिहिलं. वाचकहो, तुम्ही ते वाचून सह्या दिल्यात.

आणि आपण जिंकलो. रस्ता पलीकडून गेला. जंगलखात्याचे साहेब, ज्यांनी आधी माडाला "एक पेड़ ही तो है" म्हटलं होतं, ते आता माडाचे धनी झाले. मी त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांनी माडाशेजारी लावलेल्या फलकावर मोठ्या अक्षरात आहे, तिथे वाचा. पहिल्या भेटीला ते आले, लाल फळांचा घोस ओढला, दोनचार फळं चुरडून वास घेतला, तोच हात मानेला लावला. त्या फळाने खाज सुटते हे तुम्हाला माहीत होतं. साहेब बघता बघता लाल झाले, टोपी काढून मान घासायला लागले, सारा टोला बघत उभा.

"अरे, क्या है ये? किसी ने बताया क्यों नहीं?"

"सर, आपने पूछा ही नहीं," तुम्ही अगदी गरीब आवाजात म्हणालात, आणि माझ्याकडे वळून हळूच, "खाजव म्हणा आता दिवाळीपर्यंत."

परतीच्या बसमध्ये आपण इतके हसलो की कंडक्टरने विचारलं, काय झालं. त्या हसण्याबद्दल मी तुमचा जन्मभर ऋणी आहे. साहेबही ती खाज विसरले नाहीत.

फलकाच्या उद्घाटनाला जिल्ह्याचे बडे साहेब यायचे होते. दिवस ठरला पोळ्याचा दुसरा. त्या पहाटे काय असतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको, पण हा कागद नदीपलीकडे, मराठी मुलखातही जाईल म्हणून सांगतो. घरोघरची इडापिडा पळसाच्या डहाळ्यांच्या बाहुलीवर, म्हणजे नारबोदीवर, घालतात, जुने खराटे, फुटकी सुपं तिच्यावर टाकतात, आणि ओरडत शिवेबाहेर नेतात: खोकला घेऊन जा री नारबोद, ढेकूण घेऊन जा री नारबोद. एकदा शिवेबाहेर टाकलं की मागे वळून पाहायचं नाही. त्यातली काडीसुद्धा परत आणायची नाही. आणली तर पीडा परत आली.

साहेब आदल्या दिवशी नाल्यात आले आणि दगडावर काठी आपटून म्हणाले, "यहाँ हरा-हरा क्या लगा है? बड़े साहब का पैर फिसल गया तो?" मी म्हणालो, होऊन जाईल साहेब. मला वाटलं पाऊलवाटेपुरतं. माझ्या पत्रकात ओळ आधीच छापलेली होती: 'माडाभोवतीची सगळी घाण यंदा नारबोदीसंगं जाऊ द्या!' मला बिड्यांची थोटकं म्हणायची होती, दारूच्या बाटल्या म्हणायच्या होत्या. मी तसं लिहिलं नाही. घाण लिहिलं. मोठा शब्द, मोठ्या टाइपात.

पहाटे नारबोद शिवेबाहेर गेली आणि लोक तसेच ओरडत नाल्यात उतरले. भोंगा माझ्या हातात. बाटल्या घेऊन जा री नारबोद. कागद घेऊन जा री नारबोद. लोकांना आरोळी हवी होती, मला शब्द पुरेनात. कुणीतरी दगडाकडे बोट केलं. आणि मी, ताई, तुमचा पाँप्लेटवाला, भोंग्यातून ओरडलो:

"काई घेऊन जा री नारबोद!"

दोनशे गळे माझ्यामागे ओरडले. खरवडणी दगडावर पडली. काई सुपात भरून गेली, शिवेबाहेर, बोंडांसकट. त्याच आठवड्यात बोंडं धरली होती.

तुम्ही आलात तेव्हा दगडाला चुना लागत होता. तुमच्या पिशवीत पुड्यांचे कोरे कागद होते, त्या दिवशी तुम्ही नमुना घेणार होतात. तुम्ही काहीतरी बोललात. मला ऐकू आलं नाही. मग तुम्ही वळलात आणि शिवेकडे चालायला लागलात, आणि टोल्यातल्या बायांनी जे पाहिलं त्याने त्या जागच्या जागी थिजल्या. तुम्ही नारबोदीच्या ढिगात हात घातला. फुटकी सुपं बाजूला केली, खराटे बाजूला केले, आणि चुन्यात माखलेली काई पदरात घेऊन शिवेच्या आत आलात.

"बाईनं पीडा वापस आणली गा!" चैतीबाई किंचाळली. चैतीबाईची झोपडी नाल्याला लागून, तिची घागर त्याच दगडाखाली भरायची. "मास्तरीणबाई, फेक ते! लेकरंबाळं हायेत गावात!"

"चैतीबाई, हे तुझ्या घागरीचं गाळणं हाये," तुम्ही म्हणालात.

"म्या काही ऐकत नाही. फेक!"

शाळेच्या घंटेची वेळ झाली. तुम्ही पदर तसाच धरून बसने शाळेत गेलात. मी कुठे होतो? मी माडाखाली होतो. फोटोवाला आला होता.

पुढचं साहेबांना आयतं मिळालं. शिक्षणखात्याकडे अर्ज गेला, तो कुणी लिहिला ते अक्षरावरून ओळखू येतं. मास्तरीण गावाच्या रूढीचा अपमान करते, टाकलेली इडापिडा गावात आणते, लोकभावना दुखावल्या आहेत. खाली अंगठे. जामटोल्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराचा अंगठा, पहिला चैतीबाईचा. दिवाळीच्या सुटीत बदलीचा कागद आला: बिरसाच्या पलीकडे, जंगलातली शाळा, बस शेवटच्या कोसाला जात नाही. तुम्ही ट्रंक भरली. मी निषेधाचं पत्रक काढतो म्हणालो. तुम्ही म्हणालात, "नको. तुझं अजून एक पाँप्लेट मले झेपणार नाही." मी रुसलो. तीन महिने चिठ्ठी लिहिली नाही. हेही लिहितो.

होळीच्या आधीच दगडाखालचं पाणी आटलं. पूर्वी ते चैत सरेपर्यंत यायचं. काई गेली म्हणून पाणी गेलं असं मी म्हणत नाही. पुराव्याशिवाय बोलशील तर थोबाड फोडीन, असं तुम्हीच सांगितलं होतं. चैतीबाई मात्र म्हणते. रिकामी घागर घेऊन दगडापाशी बसते आणि म्हणते.

आषाढात मी तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही तापातून उठून पोरांना शिकवत होतात. काडीसारख्या झाल्या होतात. हिवताप, तिथे दवाखाना नाही, कंपाउंडर आठवड्याने येतो. मी उंबऱ्यातच सुरू केलं.

"तवा तुमी बोलल्या काहून नाही? दगडासमोर उभं राहून ओरडल्या असत्या तर—"

"बोलली ना रे. भोंगा तुझ्या हातात होता."

एवढंच. रागसुद्धा नव्हता आवाजात. मग तुम्ही ट्रंकेतून एक पुडी काढली. नारबोदीतून आणलेली काई, चुना झटकून, धुऊन, वाळवलेली. दहा महिने कोरडी, तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखी. पितळी वाटीत ठेवलीत, बोटाने पाणी शिंपडलंत.

"पाह्य."

पोरं भोवती गोळा झाली. आधी एका कडेने पानं उलगडली, मग सगळी. वाटी हिरवी झाली. मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही पोरांकडे पाहत होतात, आणि तो बेडकासारखा बसवणारा चेहरा कुठल्या कुठे गेला होता.

"तुझा माड एकदा वाळला की वाळला," तुम्ही म्हणालात. "हिले मुळं नाही, फूल नाही, पण थांबता येते. बोंडं गेली ती गेली. कड्याच्या वळचणीले ब्रश पोचला नाही, तिथं हाताएवढी राह्यली असन. यंदा बोंडं धरली की तू पुडी कर. अन् पाठव."

"अन् साहेबाचं काय?"

"त्याचं काय?"

"त्याले असाच सोडायचा?"

तुम्ही पांघरूण ओढलंत. "पयले पुडी पाठव. मंग भांडू."

भांडायचं राहिलं, ताई. श्रावणात तुम्ही गेलात. आता मी एकटाच भांडतो.

मी परवा नाल्यात जाऊन आलो. वळचणीखाली काई आहे. तुमच्या तळहाताएवढी. भिंग नव्हतं, पण दांड्या दिसल्या. बोंडं धरायला लागली आहेत. माडाचा फुलोरा कमरेइतका खाली आला आहे, शेंडा पिवळा पडला आहे, आणि शेजारी फलक झकास उभा आहे. मी दगडावर बसलो असताना साहेबांचे मिस्त्री आले, फीत धरून मापं घेऊ लागले. विचारलं तर म्हणाले चबुतरा. कोणाचा? "मास्तरीणबाईचा. साहबने कहा है, उनकी याद में." सिमेंटचा, कड्याला लावून, वळचण भरून. नारबोदीच्याच दिवशी. दगड आधी साफ करणार. ज्यांनी तुम्हाला बिरसाच्या पलीकडे पाठवलं तेच तुमच्या नावावर हार घालणार, आणि तुमचं नाव उरलेल्या काईच्या छातीवर बसवणार.

मला सूड पाहिजे. तुम्ही नसता दिला. तुम्ही नाही आहात. मला साहेब त्या दगडापाशी उभे पाहिजेत, बदलीचा कागद हातात, सगळ्या टोल्यासमोर मोठ्याने वाचताना. मग त्यांनी वाकावं, आणि दगडाच्या भेगांतला चुना नखाने काढावा. मानेला खाज सुटली तर मी हात धुवायला सांगणार नाही. आणि माझ्यावरही सूड पाहिजे. म्हणून हे माझ्या नावाने छापलं आहे. खोटं वृक्षराजाचं मी लिहिलं. काईची आरोळी मी दिली. त्या दिवशीचा भोंगा मी विकला नाही, फोडला आहे.

तुमचा पेपर परत लिहिला आहे, ताई. एकच ओळ: माड पाहायला मान वर करावी लागते, काई पाहायला गुडघे टेकावे लागतात, आणि आम्हाला गुडघे टेकायची लाज वाटली. मार्क द्यायला तुम्ही नाही. चारच राहू द्या.

चैतीबाईला मी हे सगळं वाचून दाखवलं. तिने आपला अंगठा लुगड्याला घासून पुसला. मग म्हणाली, "म्या लावला तं म्याच मिटवीन. पीडा बाईनं नाही आणली गा. पीडा समजून आमी जे टाकलं, त्यातलं बाईनं काहीतरी वाचवलं." ती नारबोदीच्या पहाटे नाल्यात येणार आहे. रिकामी घागर घेऊन.

आता तुम्हाला सांगतो, हे पत्रक हातात धरलेल्या तुम्हाला. जामटोल्याच्या, उकव्याच्या, परसवाड्याच्या. तुम्ही त्या सकाळी ओरडला होतात. तुमच्यातल्या बहुतेकांचा अंगठा त्या अर्जावर आहे. यंदा नारबोद शिवेबाहेर घाला, खोकला घाला, ढेकूण घाला, आणि खरवडणी घरी ठेवून नाल्यात उतरा. शाळेची पहिली घंटा होण्याच्या आत. नवा कागद माझ्याकडे असेल, त्याच अंगठ्याने जुना अर्ज खोटा म्हणून लिहून द्या. मग वळचणीपुढे बसा, दगडावर पाय न देता, खांद्याला खांदा लावून. साहेबांची गाडी येईल. मिस्त्री सिमेंट कालवतील. हार येतील, भाषण सुरू होईल, तुम्हाला बाजूला व्हायला सांगतील.

उठू नका.